लाईट गेल्याचं कळलंच नाही

आमच्या कॉलनीत पाणी आलं की लाईट जायची. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा, त्याला वाटायचं मी उलटं बोलतेय. उलटं काही नाही. नळाला पाणी सोडलं रे सोडलं की लोक मोटारी लावून लाईनीतलं पाणी ओढायचे आणि पुढच्या गल्ल्या कोरड्याठाक राहायच्या. म्हणून कुणा शहाण्यानं तोडगा काढला होता, की पाणी सोडायच्या वेळी त्या भागाची लाईटच घालवायची. पाणी तीन-चार दिवसांनी यायचं, दुपारी बारा ते चार कधीही, आणि तासाभरात जायचं. रेडिओ मधेच गप्प झाला की बायका हातातलं पीठ तसंच ठेवून हंडे घेऊन धावायच्या. लाईट गेली म्हणून आमच्याकडं कुणी शिव्या देत नव्हतं.

कॉलनी म्हणजे तरी काय, चार वर्षांमागं तिथं ज्वारी उभी असायची. मग कुणीतरी खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या, आणि त्या रेघांत आमच्यासारखे लोक येऊन पडले. अण्णा, म्हणजे माझे वडील, लासूर स्टेशनकडच्या गावातनं आलेले. विहिरीनं तळ दाखवला तशी त्यांनी शेती काकांवर सोडली आणि वाळूजला एका कंपनीत मशीनवर लागले. पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली, आणि शहर मात्र दर महिन्याला एकेक वावर गिळत चाललेलं. रस्ता नाही, गटार नाही, पण औरंगाबादला घर आहे म्हणून गावाकडं आमची ऐट काय विचारू नका.

नळाला जोर नव्हता. पाणी वर चढायचंच नाही. म्हणून गल्लीतल्या पहिल्या घरानं अंगणात गुडघाभर खड्डा खणून नळ खाली घेतला. शेजाऱ्यानं मांडीएवढा खणला. ज्याचा नळ खाली त्याला पाणी जास्त, मग काय, सगळी गल्ली कुदळी घेऊन अंगणात उतरली. आमचा खड्डा मागच्या अंगणात, माझ्या छातीला लागायचा. उतरायला दगडाच्या चार ओबडधोबड पायऱ्या होत्या. खाली वाकून घागर भरायची, उचलून काठावर ठेवायची, वर यायचं, मागच्या दारानं स्वयंपाकघरात नेऊन रांजणात ओतायची, परत उतरायचं. सात-आठ खेपा झाल्या की पोटऱ्या थरथरायच्या. हे सगळं मी इतकं बारीक सांगतेय, कारण पुढं जे झालं ते त्या चार पायऱ्यांवर झालं.

त्या वर्षी आईला दिवस गेले होते. माझ्यानंतर दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा चौथा लागायच्या आत पडलं होतं. मी तेरा वर्षांची, घरात एकटी पोर, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई आईच्या पोटाकडं बघून मग तोंडाकडं बघायची. या खेपेला संक्रांतीच्या सुमारास पाचवा लागला. एवढं पुढं कधीच गेलं नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, जड उचलायचं नाही, चढ-उतार करायची नाही, दुपारी आडवं व्हायचं. अण्णांनी मला समोर उभं करून सांगितलं, "पाण्याचं तुझ्याकडं. आईनं खड्ड्यात पाय ठेवायचा नाय." माझी सकाळची शाळा, साडेअकराला मी घरी असायचे. अण्णा कंपनीत. म्हणजे दुपारी पाणी आलं तर ते भरणारी मी एकटी. आईचं पोट टिकणं न टिकणं माझ्या हातात होतं आणि ते मला नीट कळत होतं. लहान होती, काय कळतंय तिला, असं पुढं लई जण म्हणाले. सगळं कळत होतं मला.

आणि मला ते बाळ हवं होतं, हेही सांगून ठेवते. आई जुन्या पातळाची दुपटी शिवायची, तेव्हा मी सुईत दोरा ओवून द्यायचे. भाऊ असो, बहीण असो, आपलं कुणीतरी येणार म्हणून मी वर्गात चारचौघींना सांगूनही टाकलं होतं. आई म्हणायची, दृष्ट लागंल, गप बस की जरा.

त्याच दिवाळीत मामा आला. आईचा धाकटा भाऊ, इलेक्ट्रिशियन, आखातात कामाला. दोन वर्षांनी महिनाभर सुट्टी मिळायची. आईवर त्याचा भारी जीव. तो येताना सुगंधी साबण, नायलॉनच्या साड्या, खजूर असलं घेऊन यायचा, पण त्या वेळी त्यानं माझ्यासाठी एक काळी पेटी आणली. व्हिडिओ गेम. तिथल्या कुणा साहेबाच्या पोरांना नकोसा झालेला, त्यानं वायरी नीट करून आणलेला. त्यात घालायला एकच कॅसेट होती. कॅसेटवरचं चित्र उन्हानं उडालं होतं, त्यामुळं त्या खेळाचं नाव काय ते मला कधी कळलं नाही.

खेळ साधा होता. वरनं एक यान यायचं. खाली उजाड जमीन, खडक, आणि त्यावर हात हलवणारी सहा माणसं. माणसं म्हणजे आपली काडीएवढी, पण हात हलवायची. यान हळूच खाली न्यायचं, माणसाला उचलायचं, मधे येणाऱ्या तबकड्या फोडायच्या, आणि वर मोठ्या यानात त्याला सोडून परत दुसऱ्यासाठी यायचं. स्क्रीनच्या खाली एक पट्टी असायची, ती म्हणजे त्या माणसांची हवा. ती कमी कमी होत जायची. संपली की उरलेली माणसं हात हलवायची थांबायची आणि आडवी व्हायची. सहाही वाचले की नवीन जमीन, नवीन सहा, आणि पट्टी पहिल्यापेक्षा आखूड. याला शेवट होता की नाही, देव जाणे. मला तर कधी लागला नाही.

मला त्याचं वेडच लागलं. शाळेत मी कशातच पुढं नव्हते, धावण्यात नाही, गणितात तर नाहीच. इथं मी माणसं वाचवत होते. आई कधीकधी भिंतीला टेकून बसायची, तिला त्यातलं काही उमगायचं नाही, पण किती राहिले म्हणून विचारायची. दोन राहिले, एक राहिला. आडवे पडले की ती चुकचुकायची, आणि मला तेवढ्यानंच भरून यायचं.

पण नेमकं रंगात आलं की लाईट जायची. लाईट गेली की खेळ गेला, कितीही वाचवलेले असोत, परत पहिल्यापासून. मी हंडे आपटत पाणी भरायचे. आदळआपट करत का होईना, पण भरायचे, एकही दिवस चुकले नव्हते. मामा एकदा हे बघत होता. त्याला गंमत वाटली, आणि माझी दयाही आली असणार. आमचा टीव्ही लहान, ब्लॅक अँड व्हाईट, बॅटरीवरही चालेल असा. गावाकडं लोक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर असले टीव्ही लावायचेच. मामानं बाजारातनं एक जुनी बॅटरी आणली, तिला चार्जर जोडला, टीव्हीला आणि त्या काळ्या पेटीलाही तिच्यावरनं तार काढून दिली. म्हणाला, आता लाईट गेली तरी तुझी माणसं मरायची नाहीत. मी उड्या मारल्या. आईनं कौतुकानं भावाकडं बघितलं. लाईट जाणं हीच आमच्या घरातली पाण्याची घंटा होती आणि ती आम्ही आपल्या हातानं काढून टाकली, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मामा तर शहरातला नव्हताच, त्याला काय ठाऊक. सुट्टी संपवून तो परत गेला.

पुढचे काही आठवडे निभावलं. गल्लीत घागरी वाजल्या की मी उठायचे. बाकी घरातलं काही बंद पडून कळावं तर थंडी होती, पंखा लावायचे दिवस नव्हते.

ती दुपार संक्रांतीनंतरची. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी बाहेरच्या खोलीत खेळत होते, आणि त्या दिवशी हात असा काही चालत होता की बस. कधी नव्हे ते चौथ्या जमिनीवर पोचले होते. पाच जण वर सोडले होते, सहावा खाली उभा, पट्टी बोटभर उरलेली. तेवढ्यात गल्लीत घागरी वाजल्या. मग आईची हाक आली, "पाणी आलंय गं."

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. मनात म्हटलं, एवढा एकच राहिलाय, एवढा उचलते आणि जाते, पाणी काय तासभर असतंच. त्याला उचललं. वर सोडलं. पाचवी जमीन आली. नवीन सहा जण हात हलवत उभे. आणि मी उठले नाही. आता हे कशानं झालं, मला सांगता येत नाही. राग आला नव्हता, कंटाळा आला नव्हता. आईनं दुसरी हाक मारली नाही, त्यावरनं मी असंही धरलं असेल, की ती थांबलीय. किंवा मी काही धरलंच नाही. मी खेळत होते एवढंच खरं.

पाचव्या जमिनीवर सगळे मेले. मी मागच्या अंगणात गेले. आई खड्ड्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. रांजण भरलेला, दोन्ही हंडे भरलेले, घागरी, बादल्या, अगदी तांब्यासुद्धा भरून ओळीनं ठेवलेला. नळ गळायचा थांबला होता. तिच्या कपाळावर घाम होता आणि थंडीचे दिवस होते. मला म्हणाली, "झालं सगळं भरून. मला जरा आत ने."

दुखायला लागलं ते दिवेलागणीला. अण्णा नुकतेच आले होते, चहाही घेतला नव्हता. रिक्षा मिळेपर्यंत आईचं पातळ भिजलं. दवाखान्यात डॉक्टरीण बाई बाहेर आल्या आणि पहिलं विचारलं, काही जड उचललं होतं का. मुलगा होता, हेही त्यांनी सांगितलं. ते सांगायची काय गरज होती, मला अजून कळत नाही. अण्णा माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. नुसतं विचारलं, "तू कुठं होतीस?"

मी म्हटलं, "लाईट गेल्याचं कळलंच नाही. टीव्ही बॅटरीवर होता."

खोटं एकाही शब्दात नव्हतं. म्हणूनच ते इतकं टिकलं. अण्णांनी डोळे मिटले, आणि मला दिसलं की त्यांचा राग माझ्यावरनं उठून दुसरीकडं गेला. आई आत खाटेवर होती, दार उघडं होतं. तिनं काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बॅटरी आणि ती काळी पेटी उचलली आणि कुठं नेऊन टाकली ते आम्ही विचारलं नाही. मामाला पत्र गेलं. पत्रात काय होतं मला माहीत आहे, कारण अण्णांनी ते मलाच लिहायला लावलं होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून. तू लावलेल्या बॅटरीमुळं पोरीला लाईट गेल्याचं कळलं नाही, तुझ्या बहिणीनं पाणी भरलं, असं झालं. माझ्या हातानं मी हे लिहिलं, खाली अण्णांची सही घेतली, पाकीट चिकटवलं. त्या वेळी मला काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण तेच वाटलं.

आईला पुन्हा राहिलं नाही.

मामा दोन वर्षांनी आला तो घरात शिरला तसा आईच्या पायाशीच बसला. म्हणाला, "अक्का, माझी अक्कल गहाण पडली होती. मी ती बॅटरी लावायला नको होती." आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सांगायची वेळ आली होती आणि मी चहाचं आधण ठेवायला आत वळले.

त्यानंतर भाऊबीजेला आला की तो हेच म्हणायचा. आई म्हणायची, जाऊ दे आता, पण त्याचं जाईना. आखात सोडून तो इकडंच आला, बिडकीनला वायरिंगचं दुकान टाकलं, आणि सवड मिळाली की आमच्याकडं येऊन पाण्याचं काहीतरी करायचा. खड्डा त्यानं स्वतः बुजवला. अंगणात हौद बांधून घेतला, पुढं गच्चीवर टाकी चढवली, पाईप टाकले, मोटार बसवली. मोरीत, न्हाणीत, ओट्याजवळ, जिथं आई हात पुढं करील तिथं नळ दिला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, असा भाऊ पाहिजे बाई. बिघाड नसला तरी तो टाकीवर चढून बघून यायचा. साठी उलटली, गुडघे गेले, तरी चढायचा, आणि खाली उतरला की धाप लागलेली असायची. मी माहेरी असले तर मी त्याला पाणी द्यायचे. त्यानं मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. उलट माझ्या लग्नात माझ्यापुढं हात जोडले होते, म्हणाला, माझ्यापायी तुला भाऊ मिळाला नाय. अंगावर शालू, डोक्याला मुंडावळ्या, आणि मी मान खाली घालून उभी. लोकांना वाटलं, पोरगी सासरी जायची म्हणून रडतेय.

मामा गेल्या वर्षी गेला. फुप्फुसं निकामी झाली होती. महिनाभर दवाखान्यात होता, आई रोज जाऊन बसायची, मीही असायचे. शेवटी शेवटी त्याला बोलवत नव्हतं. नुसतं अक्का म्हणायचा आणि हात हलवून कसली तरी माफी मागायचा. कसली ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. म्हणजे मला वाटत होतं, की खरं काय ते मला एकटीलाच माहीत आहे.

या उन्हाळ्यात मी आईकडं राहायला गेले होते. अण्णा जाऊन लई वर्षं झाली. कॉलनी आता ओळखू येत नाही, चार-चार मजले चढलेत, पाणी मात्र आठवड्यानं येतं. टँकर सांगितला होता, त्याची वाट बघत आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. आई गवारीच्या शिरा काढत होती. मामाच्या वर्षश्राद्धाचं बोलणं चाललं होतं, कुणाला बोलवायचं, काय करायचं. आणि मी बोलून गेले. ठरवून नव्हे. म्हटलं, आई, त्या दिवशी तुझी हाक मला ऐकू आली होती.

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "म्हायतंय मला. मी हाक मारली तशी तू टीव्हीचा आवाज बारीक केला. मी दारात थांबले, म्हटलं येतीय. मग तू परत मोठा केला."

ते मला आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं. पण तिनं सांगितलं आणि ते बटण माझ्या बोटांना लागलं. खरं होतं.

 मग मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, मग मला का नाही झोडपलंस, अण्णांना का नाही सांगितलंस, आणि मामाला तरी? तुझा सख्खा भाऊ होता. जन्मभर स्वतःला खात राहिला. ती म्हणाली, अण्णांनी तुला जित्ती ठेवली नसती, तू तेरा वर्षांची होतीस, आणि माझं म्हणून तू एकटीच राहिली होतीस. भावाला म्हटलं, पुढं सांगू. पुढं सांगू म्हणता म्हणता तो टाकीवर चढायला लागला.

गवारीची टोपली तिनं बाजूला सारली. म्हणाली, "दवाखान्यात शेवटच्या दिवशी सांगणारच होते. त्याच्या कानाशी तोंड नेलं होतं. तू पायाशी बसली होतीस. म्हटलं, आता ही सांगंल. आपण कशाला, हिला सांगू द्यावं. लई वाट बघितली मी तुझी."

तेरा वर्षांच्या पोरीला तिनं पदराखाली घेतलं, ते मी समजू शकते. मामा गेला त्या दिवशी मी एक्कावन्न वर्षांची होते. मी त्याचे पाय चेपत होते, आणि आई माझ्याकडं बघतेय हे मला दिसत होतं.